गुरुवारी बारा वाजेपर्यंत

११ मार्च, मंगळवार

आजही धुतलेल्या पांढऱ्या चादरीवर मातीचे थेंब. समोरच्या आगाथीबाई कुंड्यांना पाणी घालतात की अख्ख्या गल्लीला आंघोळ घालतात, देव जाणे. आमची गल्ली एवढी अरुंद की दोघींच्या बाल्कन्यांमध्ये जेमतेम चार हात अंतर. मधली वाळवणाची दोरी कप्पीवर फिरते, अर्धी त्यांची, अर्धी माझी. त्यामुळे त्यांच्या तेरड्याचं पाणी माझ्या चादरीवर पडणार हे ठरलेलंच.

वर सांगण्याची तऱ्हा बघा. मी तिथेच उभी होते, हात लांबवला असता तर बोटांना बोटं लागली असती. पण बाईंनी खाली वाकून बेकरीवाल्या तुलिसला हाक मारली. "तुलिस, समोरच्या परदेशी बाईंच्या चादरीवर पाणी पडलं वाटतं. त्यांना सांग, माफ करा म्हणावं." तुलिसने मान वर करून तो निरोप मला दिला. मी म्हटलं, काही हरकत नाही. तेही त्याने पोचवलं.

या ग्रीक बेटावर, कोर्फूत, येऊन नऊ वर्षं झाली. इथली भाषा बोलते, इथल्याच दुकानात उधारी ठेवते, नवऱ्याला, एर्न्स्टला, इथल्याच मातीत पुरलं. तरी मी परदेशी बाई ती परदेशी बाईच.

चादर काढताना मात्र एक दिसलं. त्यांच्या बाल्कनीखालच्या दगडी टेकूला भेग गेली आहे. तिकडे ऑस्ट्रियात, ग्रात्सच्या बांधकाम तपासणी कचेरीत मी एकतीस वर्षं होते. इंजिनिअर नव्हते, पण इंजिनिअरांचे सगळे अहवाल मीच टंकायची. भेग बघितली की मला कळते.

१४ मार्च

झोप नीट लागत नाही. ती म्हातारी चौऱ्याऐंशी वर्षांची. गुडघे गेलेले, सहा वर्षांत जिना उतरलेली नाही. मुलगा मेलबर्नला. दिवसभर त्या बाल्कनीत बसून असते. तिथूनच टोपली सोडून भाजी घेते, मासळीवाल्याशी भांडते, कोणाच्या सुनेला कितवा महिना लागला ते विचारते, पहाटे सहाला रेडिओवर स्तोत्रं लावते. सहाला. आणि ती बाल्कनी एखाद्या दिवशी कोसळली तर? माहीत असून मी गप्प बसले असं होईल.

नगरपालिकेला पत्र लिहिलं. दोन पानं, टंकलेली, मोजमापांसकट. कर नाही त्याला डर कशाला, पण गल्लीत उगीच वैर नको म्हणून नाव घातलं नाही. खाली फक्त 'एक नागरिक' एवढंच.

२० मार्च

ही नगरपालिका साधा दिवा बदलायला दोन वर्षं लावते. आज सहाव्या दिवशी माणसं हजर. ईस्टरला गल्ल्यांत गर्दी होते, म्हणून घाई असावी.

आगाथीबाईंना वाटलं मोजायला आलेत. त्यांनी तिघांना कॉफी दिली, वर कुमक्वाटचा, त्या चिमुकल्या संत्र्यांचा, मुरांबा. तिघांनी तो खाल्ला, बशा ठेवल्या, आणि बाल्कनीच्या दाराला बाहेरून चार फळ्या ठोकल्या. वरच्या त्या घराला रस्त्याकडे बघायला तेवढं एकच दार. बाकीच्या खिडक्या मागच्या बोळकांडीत उघडतात, तिथे भिंतीशिवाय काही दिसत नाही.

संध्याकाळी फळ्यांच्या फटीतून चार बोटं बाहेर आलेली मी पाहिली. जवळच्या कुंडीतलं एक वाळकं पान त्यांनी चाचपून खुडलं आणि बोटं आत गेली. मला वाईट वाटलं. पण माणूस जिवंत राहणं महत्त्वाचं.

पाव घ्यायला गेले तेव्हा बेकरीत तोच विषय. तुलिस म्हणाला, "आमच्याकडे कोणी पत्र लिहितं का हो, बाई? आमचा माणूस नगरपालिकेत जातो, टेबलावर मूठ आपटतो, दोन शिव्या देतो आणि कॉफी पिऊन परत येतो." त्याचा जावई लावरेन्तिस नगरपालिकेतच कारकून आहे, त्याच्याकडून कळलं असावं. "दोन पानी पत्र होतं म्हणे. एक स्वल्पविराम चुकलेला नाही." असं म्हणून त्याने माझ्याकडे बघून हसत पाव गुंडाळला. पाव कालचा होता. गडबडीत चुकून दिला असेल.

२२ मार्च

समोर जाऊन आले. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्या घरात पाऊल टाकलं.

घरात अंधार. बाई फळ्यांकडे तोंड करून खुर्चीत बसलेल्या, बाहेर बसायच्या तशाच, अंगावर शाल घेऊन. "या, बसा. आपण कशाला त्रास घेतलात?" म्हणाल्या. मी सूप नेलं होतं. त्यांनी वाटी मांडीवर ठेवली आणि विचारलं, "मासळीवाला गेला का?"

"गेला."

"आज काय होतं त्याच्याकडे?"

मी पाहिलं नव्हतं. कटलफिश होते असं सांगितलं. त्या म्हणाल्या, "कटलफिश असते तर तो 'शाई, शाई' करून ओरडला असता. मी ऐकत होते." मग त्यांनीच मला समजावल्यासारखं म्हटलं, "आपल्याला आवाजावरून ओळखायची सवय नाही. होईल."

२९ मार्च

रोज जाते. सकाळी कॉफी, दुपारी जेवण, संध्याकाळी गल्लीची बातमी. आता मी नीट बघून ठेवते. कोण कोणाशी बोललं, कोणी कोणता कोट घातला होता, कोणाच्या दोरीवर बाळाचे कपडे आले. त्या डोळे मिटून ऐकतात. मधेच विचारतात, "आणि तुलिस त्या वेळी कुठे बघत होता?" ते मी बघितलेलं नसतं. मी काहीतरी सांगते.

आज निघताना त्यांनी माझा हात धरला. "हेदी, पोरी, उद्या लवकर ये." हेदी. पोरी. ये. मी सहासष्ट वर्षांची आहे. जिन्यात थांबून मी थोडं रडले, ते इथे लिहून ठेवते.

मला घराची किल्लीही दिली. ओळखायला सोपी जावी म्हणून मी तिला लाल दोरा बांधला.

२ एप्रिल

आगाथीबाईंना नगरपालिकेला अर्ज करायचा आहे, बाल्कनी उघडून द्या म्हणून. "तू शिकलेली. तू लिही," म्हणाल्या.

लिहिला. खरं तेच लिहिलं. अर्जदार वयोवृद्ध आहे, बाल्कनीची सवय आहे, वगैरे. भेगेचंही वर्णन केलं, कारण लपवाछपवी करून सरकारी काम होत नाही. पहिल्या पत्रात मी भेग नऊ मिलिमीटर म्हटली होती. या वेळी नीट विचार करून बारा लिहिली. बाईंना बारीक अक्षर दिसत नाही. मी बोट ठेवलं तिथे त्यांनी सही केली. सही करताना जीभ दातांत धरतात, शाळेतल्या मुलीसारखी. उत्तरासाठी पत्ता माझा दिला, त्यांना जिना उतरायला नको म्हणून.

७ एप्रिल

गल्ली बदलली आहे की मी, कोण जाणे. भाजीवाला गाडी थांबवून विचारतो, "आगाथीबाई कशा आहेत?" मासळीवाला त्यांच्यासाठी म्हणून मला चांगला मासा काढून देतो. पूर्वी मी दुकानात शिरले की बोलणं थांबायचं. आता माझ्याकडेच बघून बोलतात. त्यांची बाल्कनी आता मीच, असं आज मनात आलं आणि बरं वाटलं.

एर्न्स्ट गेला तेव्हा या दोरीवरूनच आगाथीबाईंनी मला उकडलेल्या गव्हाचं ताट पाठवलं होतं, वर साखर आणि डाळिंबाचे दाणे. मी ताट स्वच्छ धुतलं आणि रिकामंच परत पाठवलं. रिकामं पाठवायचं नसतं हे मला मागाहून कळलं. आज त्यांना ते सांगितलं. त्या हसल्या. "मला वाटलं, ग्रात्सला तसंच करत असतील." त्यावर मी म्हटलं, तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत? म्हणाल्या, "पाहुण्याला कोणी शिकवतं का?"

मग आता मी पाहुणी नाही.

१२ एप्रिल, शनिवार

आजचा दिवस विसरणार नाही.

पवित्र शनिवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या दिवशी, सकाळी अकराच्या घंटा झाल्या की सगळं शहर बाल्कन्यांतून पाण्याने भरलेले मातीचे घडे खाली फेकतं. घरातलं जुनं, वाईट सगळं त्याबरोबर जावं म्हणून. आमच्या गल्लीत पहिला घडा आगाथीबाईंचा. चाळीस वर्षं झाली, त्यांचा फुटल्याशिवाय कोणी फेकत नाही. त्याचे तुकडे उचलायला पोरंच काय, धट्टेकट्टे बाप्येही धावतात. शुभ असतात म्हणे.

पुढच्या शनिवारसाठी आज त्यांनी पलंगाखालून या वर्षीचा घडा काढायला लावला. माझ्या गुडघ्याइतका उंच. गळ्याला लाल फीत. "माझं दार काही उघडत नाही," म्हणाल्या. "तू टाक. तुझ्या बाल्कनीतून. पहिला तुझा."

मी म्हटलं, गल्लीला चालेल?

"मी सांगते म्हटल्यावर न चालायला काय झालं?"

बाप्तिस्म्याला त्यांनीच हातांत धरलेला त्यांचा धर्मपुत्र मेनेलाओस गवंडी आहे, तो घडा माझ्या घरी उचलून घेऊन आला. ठेवताना काहीतरी पुटपुटला. माणूस जरा घुमा आहे. पाणी दिलं तर नको म्हणाला.

१६ एप्रिल, बुधवार

नगरपालिकेचं पत्र आलं.

खाली लोखंडी टेकू लावायच्या अटीवर बाल्कनी तात्पुरती उघडायला परवानगी. मालकिणीची सही घेऊन कागद गुरुवारी दुपारी बारापर्यंत कचेरीत द्यायचा, नंतर ईस्टरची सुट्टी. म्हणजे मनात आणलं तर शनिवारी त्या आपल्या बाल्कनीत असतील.

दोनदा वाचलं. मग शांतपणे विचार केला. लोखंडी टेकू हा काही उपाय नव्हे. ग्रात्सला असल्या टेकूंवर सही करणाऱ्याची नोकरी गेली असती. शिवाय पवित्र आठवडा, बाईंचा उपास चालू, त्यांच्या जिवाला घोर कशाला? आणि घड्याचं तर ठरलेलंच आहे. गल्लीत सगळ्यांना सांगून झालंय. आता बदललं तर त्यांनाच कानकोंडं होईल.

सुट्टीनंतर नीट पक्क्या दुरुस्तीसाठी मी स्वतः लिहीन. कागद सुरी-काट्यांच्या खणात ठेवला आहे. तिथे दमट नाही.

बेकरीत तुलिसने विचारलं, "काय बाई, काही पत्रबित्र?" मी नाही म्हटलं. सरकारी कागदाची चर्चा दुकानात कशाला.

१७ एप्रिल, गुरुवार

सकाळी नऊ. मेनेलाओस खाली कॉफीच्या दुकानात बसला आहे. त्याची तीनचाकी लोखंडी नळ्यांनी भरून गल्लीच्या तोंडाशी उभी. कोणाला वाट नाही. या लोकांना सणाच्या तोंडावर कामं कशी नसतात, नवल आहे.

दहा. आगाथीबाईंकडे जाऊन आले. त्यांनी आज चांगला काळा झगा घातला आहे, केस विंचरलेत. म्हटलं, कुठे निघालात? "कुठे निघणार? आज गुरुवार, ईस्टरची अंडी रंगवायची," म्हणाल्या. मी अंडी रंगवून दिली. माझी बोटं लाल झाली. त्यांनी विचारलं, "बाहेर काही विशेष?"

"काही नाही."

"पोस्टमन?"

"माझ्या विजेचं बिल."

त्यांनी माझ्या हातावर एक लाल अंडं ठेवलं. "बस थोडी. घाई आहे का?" मी बसले. भिंतीवरचं घड्याळ त्या सारख्या बघत होत्या. म्हाताऱ्या माणसांना वेळ जाता जात नाही.

साडेअकरा. तुलिस पिठाच्या हातांनी दुकानाबाहेर उभा. भाजीवाल्याच्या बायकोने खालून हाक मारली, "हेदीबाई, समोर नाही का जायचं परत?" मी म्हटलं, आत्ताच आले. ती तशीच वर बघत राहिली.

सव्वाबारा. मेनेलाओस उठला, तीनचाकी मागे घेऊन गेला. एकदाची वाट मोकळी झाली. संध्याकाळी आगाथीबाईंकडे गेले तर त्या झोपल्या होत्या. भिंतीकडे तोंड करून. झगा अंगावर तसाच.

१९ एप्रिल, शनिवार

रेलिंगवर लाल कापड घातलं, मीही गुलबक्षी रंगाचं जाकीट घातलं, एर्न्स्टला आवडायचं ते. दहापासून बाल्कनीत उभी. घडा कठड्यावर, दोन्ही हातांनी धरलेला, गळ्यापर्यंत पाणी.

गल्लीत कोणी नव्हतं.

मला वाटलं, तुकडे अंगावर यायला नकोत म्हणून आत थांबलेत. पण बाल्कन्यांतही कोणी नाही. लाल कापडं होती, भरलेले घडे कठड्यांवर होते, माणसं नव्हती. दारं लावलेली. तुलिसने शटर खाली ओढलं ते मी पाहिलं. तासभर मी घडा धरून उभी होते. खांदे भरून आले.

अकराच्या घंटा झाल्या. शहर गडगडलं, चौकाकडून, लिस्टनच्या कमानींच्या रस्त्याकडून, बँड वाजायला लागले, हजारो लोकांचा ओरडा. मी घडा सोडला. आवाज मोठा झाला. पाणी तुलिसच्या पायरीपर्यंत गेलं.

मग मी थांबले. पहिल्यानंतर बाकीच्यांचे पडतात. एकही पडला नाही. टाळी नाही, शब्द नाही. सगळ्या कोर्फूत घडे फुटत होते आणि आमच्या गल्लीत पाणी वाहत होतं तेवढंच.

पाच मिनिटांनी भाजीवाल्याची मुलगी दार उघडून बाहेर आली. तुकड्यांजवळ आली, एक उचलला, उलटापालटा केला. आतून आईने हाक मारली. मुलीने तुकडा होता तिथे ठेवला आणि हात फ्रॉकला पुसले.

मी आत वळताना तुलिसचा आवाज आला, शटरमागून. "बाई, झाडून घ्या तेवढं. लोकांच्या पायांत जाईल."

मी खाली गेले आणि झाडलं. तुकडे कचऱ्यात टाकवेनात, वर आणले.

मग समोर गेले. त्या फळ्यांकडे तोंड करून बसलेल्या. मी म्हटलं, छान झालं. खूप लोक होते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"ऐकलं मी," त्या म्हणाल्या. "एक घडा. मग केरसुणी."

मी जायला वळले.

"बस." मी बसले. त्या सावकाश बोलल्या, रागाने नाही. "पत्र तू लिहिलंस ते पहिल्याच दिवशी कळलं होतं. लावरेन्तिसने सासऱ्याला सांगितलं, सासऱ्याने सगळ्यांना. मी म्हटलं, जाऊ द्या. भेग खरी आहे. बाई एकटी आहे. एकटं माणूस भेगाच बघत बसतं."

"मी तुमच्या काळजीनेच..."

"बारा मिलिमीटर, तेही जाऊ दे." त्यांनी हात हलवला. "बुधवारी लावरेन्तिस म्हणाला, कागद समोरच्या बाईंकडे गेलाय, मी दुसरा काढून आणतो, तुम्ही सही करा, मेनेलाओस नळ्या घेऊन येईल. मी म्हटलं, नको. ती आणेल. तुलिस म्हणाला, नाही आणणार. मी म्हटलं, तुम्ही तिला ओळखत नाही, ती माझी पोरगी आहे. पैज लावली. घड्याळाकडे बघत बसले, तू शेजारीच होतीस. गुरुवारी बारा वाजेपर्यंत."

मी म्हटलं की टेकू हा पक्का उपाय नव्हे. म्हटलं की सुट्टीनंतर मी स्वतः लिहिणार होते. हे सगळं खरं आहे, मी ते मुद्देसूद सांगितलं. त्या ऐकत होत्या की नाही माहीत नाही.

"गल्लीला तुम्ही सांगितलंत का, दारं लावा म्हणून?" मी विचारलं.

"मी कोणाला काही सांगितलं नाही. सांगावं लागलं नाही."

मग म्हणाल्या, "त्या खिडकीतून थंडी येते, लावून घे जाताना." मी लावली.

२२ एप्रिल, मंगळवार

सकाळी मेनेलाओस आणि दोघे, लावरेन्तिसने काढलेला दुसरा कागद घेऊन. दोन तासांत नळ्या उभ्या, फळ्या काढल्या. काम अजिबात शास्त्रोक्त नाही. एक नळी तिरपी आहे, हे मी इथूनही सांगू शकते.

दुपारी आगाथीबाई बाहेर आल्या. कठड्याला धरून आधी नुसत्या उभ्या राहिल्या. खाली माणसं जमली होती. तुलिसने एकदम विचारलं, "काय आगाथी, एवढे दिवस कुठे होतीस?" आणि सगळी गल्ली हसली. मग एकेकाने वर जाऊन आपापला घडा धरला, तीन दिवस कठड्यांवर तसेच भरून ठेवलेले. मंगळवारी. सण संपल्यावर. पहिला त्यांनीच टाकला, लहानसाच होता, दही लावायचा असावा. त्यामागून सगळे. माझ्या खिडकीच्या काचा थरथरल्या. तुकड्यांवर पोरांची झुंबड.

मी बाल्कनीच्या उघड्या दारातल्या पडद्यामागून पाहिलं. अंगावर शिंतोडे आले, इतकं जवळ होतं ते सगळं.

संध्याकाळी वाळवण घालायला गेले तर दोरी नाही. कप्पी आहे, दोरी नाही. जुनी झाली असेल, टेकू लावताना सुटली असेल.

२४ एप्रिल

पाव घेऊन येत होते. वरून टोपली खाली आली. सरळ माझ्यासमोर थांबली, माझ्या छातीइतक्या उंचीवर. मी आत पाहिलं. काही नव्हतं, नुसता धुतलेला रुमाल अंथरलेला. मला वाटलं काही मागवायचं असेल, मासळी, साखर. मी वर बघून विचारलं, काय आणू?

भाजीवाला थांबला. तुलिस दारात आला.

"किल्ली टाका त्यात," आगाथीबाई म्हणाल्या. "आपण वर यायची तसदी घेऊ नका."

मी पर्स उघडली. किल्ली सापडायला वेळ लागला, म्हणून तर दोरा बांधला होता. टोपलीत ठेवली. टोपली हलतडुलत वर गेली, त्यांनी रुमाल उचलला, किल्ली काढून घेतली, आणि तुलिसला म्हणाल्या, "समोरच्या बाईंना सांग, आभारी आहे म्हणावं."

तुलिस वळला आणि त्याने ते मला सांगितलं. मी म्हटलं, काही हरकत नाही. तेही त्याने पोचवलं.

दोरा काढून घ्यायचा राहिला. लाल होता, चांगला होता.